पिस्तुलाचे शॉट खाली का पडतात? रिअर साइटचा स्क्रू फिरवण्याआधीचा तपास

"सर, सगळे शॉट खाली जातायत. साइट वर घेऊ का?" ठाण्यात काय, नवी मुंबईत काय, रेंजवर संध्याकाळच्या बॅचला हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या हातात तोवर रिअर साइट, म्हणजे नेम धरायची डोळ्याकडची खाच, हलवायला छोटा स्क्रूड्रायव्हर आलेलाही असतो. दोन क्लिक, चार क्लिक, मग शॉट वर जाऊ लागतात, मग परत खाली. अर्ध्या तासात पिस्तुलाचा मूळ झिरो (ठरल्या जागी नेम धरला की शॉट मध्यात लागावा अशी साइटची जुळणी) हरवतो आणि खाली जाण्याचं कारण होतं तिथेच राहतं.

स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा. त्याआधी शॉट नेमका किती खाली पडतोय हे मोजायचं, कारण कुठलं कारण शॉटला किती खाली नेऊ शकतं याला मर्यादा असते. सिलिंडरमधली हवा कमी झाली म्हणून दहाचा शॉट सातात जात नाही (टार्गेटच्या मध्याला दहा गुण, बाहेरच्या प्रत्येक रिंगला एकेक कमी). मनगट किंचित मोडलं तर मात्र जातो. हा हिशोब डोक्यात बसला की निम्मी कारणं कागदावरच बाद होतात.

हा लेख मुख्यतः १० मीटर एअर पिस्तुलासाठी आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. २५ मीटरच्या .२२ बोअरच्या, काडतुसाच्या पिस्तुलाला जे वेगळं लागू होतं ते पुढे स्वतंत्र सांगितलं आहे. उदाहरणं उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांची आहेत. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

एक अट आधीच. पुढच्या काही चाचण्यांत दुसऱ्याच्या हातात पिस्तूल द्यायचं आहे, काहींत पिस्तूल भरलेलं आहे की रिकामं हे नेमबाजाला माहीत नसतं. म्हणून नळी कायम टार्गेटच्या दिशेला, साइट टार्गेटवर येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि पिस्तूल खाली ठेवताना सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण देणारी रंगीत पट्टी) आत. रिकामं आहे असं सांगितलं गेलं तरी ते भरलेलंच आहे असं धरून वागायचं. कोच किंवा रेंज ऑफिसर शेजारी नसेल तर या चाचण्या करू नयेत.

आधी मोजा

सरावाच्या सुरुवातीचे शॉट सोडून द्या. अंग गरम झाल्यावर पाच-पाच शॉटचे चार ग्रुप मारा, प्रत्येक ग्रुपला नवं कार्ड. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर पाच शॉट झाल्यावर पडद्याचा फोटो काढून ठेवा. या वीस शॉटमध्ये काहीही दुरुस्त करायचं नाही. खाली जातायत तर जाऊ द्या. मनातल्या मनात नेम वर धरणं सगळ्यात घातक, कारण त्याने पुरावाच पुसला जातो.

मग प्रत्येक ग्रुपचा मध्य अंदाजाने काढा आणि तो टार्गेटच्या मध्यापासून किती मिलिमीटर खाली आहे ते पट्टीने मोजा. १० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिमी रुंद असते. काळा भाग सातच्या रिंगपर्यंत, एकूण ५९.५ मिमी व्यासाचा. पट्टी नसली तर रिंगा मोजून आठाने गुणा.

आता ग्रुपचा आकार बघा. चारही ग्रुप घट्ट, गोल आणि एकाच जागी खाली असतील तर ती एक गोष्ट. मध्यापासून सरळ खाली शॉटची उभी रांग लागली असेल तर दुसरी. चार शॉट दहा-नऊमध्ये आणि पाचवा अचानक सातात, खाली डावीकडे, तर तिसरी. तिघांचा इलाज वेगवेगळा आहे. घट्ट ग्रुप खाली असणं ही तिघांतली सगळ्यात चांगली बातमी: हात, डोळा, बोट प्रत्येक वेळी तेच करतायत, फक्त सगळं खाली सरकलंय.

कुठलं कारण किती खाली नेतं

फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची उभी पट्टी) आणि रिअर साइटमधलं अंतर एअर पिस्तुलात साधारण ३३ सेंटिमीटर असतं, पिस्तुलागणिक थोडं कमीजास्त. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत १ मिमी खाली बसली तर टार्गेटवर शॉट सुमारे ३० मिमी खाली जातो. चूक तीसपट होते. अर्धा मिलिमीटर खाली बसली तर १५ मिमी, म्हणजे बरोबर मध्यात जाणारा शॉट नऊमध्ये. एक मिलिमीटर, तर सातात.

याउलट दोन्ही साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या आहेत, पण सगळा हात डुलतोय आणि नेम टार्गेटवर ८ मिमी खाली सरकला, तर शॉट फक्त ८ मिमी खाली जाईल. एकास एक. त्यामुळे हात हलतोय याची जी भीती नवख्यांना असते ती बरीचशी अनाठायी आहे. हात सगळ्यांचाच हलतो. साइट जुळलेल्या राहणं जास्त महत्त्वाचं.

छर्र्याच्या वेगाचा हिशोबही करून बघा. एअर पिस्तुलातून छर्रा साधारण १५० मीटर प्रति सेकंदाने निघतो. १० मीटर जाईपर्यंत गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे २२ मिमी खाली ओढतं, आणि साइट तेवढं धरूनच लावलेल्या असतात. सिलिंडर उतरल्यामुळे वेग १३० वर आला तर ही घसरण सुमारे २९ मिमी होईल. फरक ७ मिमी, एक रिंगसुद्धा नाही. मध्यात जाणारा छर्रा ७ मिमी खाली गेला तरी त्याची कड दहाच्या रेषेला टेकते. तेव्हा ग्रुप २५-३० मिमी खाली असेल आणि कोणी "हवा भरून घे" म्हणालं तर हवा जरूर भरा, पण तपास थांबवू नका.

अजून एक आकडा. एखादं पिस्तूल काळ्याच्या मध्यावर नेम धरून झिरो केलेलं असेल आणि तुम्ही काळ्याच्या खालच्या कडेवर नेम धरत असाल, तर ग्रुप अर्ध्या काळ्याएवढा, म्हणजे ३० मिमी खाली जाईल, घट्ट आणि सुबक. क्लबच्या सामायिक पिस्तुलावर शिकणाऱ्या मुलांमध्ये हे वारंवार होतं. आधीच्या बॅचमधल्या कोणीतरी स्वतःच्या नेमाप्रमाणे साइट लावलेल्या असतात. एअर पिस्तुलात बहुतेक जण काळ्याच्या खाली पांढऱ्या भागात, थोडी फट सोडून नेम धरतात. ही फट कोणाची बोटभर दिसणारी, कोणाची रेषेएवढी. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: हे पिस्तूल शेवटी कोणी झिरो केलं आणि नेम कुठे धरून? उत्तर मिळालं नाही तर पुढच्या चाचण्या तरीही करा, स्क्रूपर्यंत पोचायला वेळ आहे.

शॉट सुटल्यावर, पडदा बघण्याआधी, बोला

सगळ्या तपासात मला सगळ्यात भरवशाची वाटणारी ही चाचणी, आणि हिला खर्च शून्य. शॉट सुटला की कार्डाकडे किंवा पडद्याकडे न बघता मोठ्याने सांगायचं, शॉट कुठे गेला असेल. "नऊ, सहा वाजता." "दहा." "आठ, सात वाजता." शेजारी मित्र बसवा, तो तुमचं म्हणणं आणि खरा शॉट दोन्ही लिहील. पडद्यावर रुमाल टाका. घड्याळाच्या काट्यांनी दिशा सांगायची सवय एका दिवसात लागते.

पंधरा-वीस शॉट झाले की वही बघा. तुम्ही "खाली" म्हणालात आणि शॉट खालीच होता, असं बऱ्याचदा घडलं असेल, तर तुमच्या डोळ्याला चूक दिसत होती आणि तरी तुम्ही ट्रिगर दाबलात. म्हणजे दोष थांबण्याच्या शिस्तीत किंवा ताकदीत आहे. तुम्ही "दहा" म्हणालात आणि शॉट दरवेळी तेवढाच खाली, तर साइट, ग्रिप किंवा नेमाची जागा यांच्याकडे बघा. तुम्ही "दहा" म्हणता आणि शॉट कधी दहात, कधी एकदम सातात, तर शेवटच्या क्षणी काहीतरी होतंय जे तुमच्या डोळ्याला दिसलंच नाही. हे सगळ्यात जास्त आढळतं, आणि त्यातला बराच भाग बोटाचा किंवा डोळ्याचा असतो.

कॉल करताच येत नाही, शॉट कुठे गेला याची काहीच कल्पना नसते, असं झालं तर तेही उत्तरच आहे. शॉट सुटला त्या क्षणी तुम्ही फ्रंट साइटकडे बघत नव्हता.

पिस्तूल दुसऱ्याच्या हातात

आता कोचला किंवा अनुभवी नेमबाजाला तेच पिस्तूल, तेच छर्रे, तीच लेन देऊन पाच शॉट मारायला सांगा. नेम कुठे धरायचा हे तुम्ही सांगा, तुमच्यासारखाच. दोन माणसांचा झिरो कधीच तंतोतंत जुळत नाही, पाच-सात मिमीचा फरक सोडून द्या. त्यांचाही ग्रुप २५ मिमी खाली आला तर पिस्तूल आणि साइट तपासायच्या. त्यांचा ग्रुप मध्यात आला तर पिस्तुलाला दोष देणं थांबवा.

मारून बघणारा दुसरा कोणी नसेल तर वाळूच्या पिशवीवर मनगटाच्या मागचा भाग टेकवून बसून मारा. नळी पिशवीला लागू द्यायची नाही. टेकवल्यावर ग्रुप वर आला तर उभं राहून धरताना काहीतरी खाली ओढतंय.

कोचने गुपचूप रिकामं ठेवलेलं पिस्तूल

शॉट सुटणार हे अंगाला आधीच कळतं. इंजेक्शनची सुई दिसली की दंड आपोआप आखडतो, तसंच मनगट शॉटच्या आधी आखडतं आणि नळी खाली जाते. एअर पिस्तुलाला झटका नावालाच असतो, तरी आवाजाची आणि निकालाची धास्ती पुरते. विशेषतः नऊ-दहा चांगले पडू लागले की ही धास्ती वाढते. स्पर्धेत ती आणखी.

हे पकडण्यासाठी नेमबाजाने तोंड बाजूला वळवायचं. कोच टेबलावर, नळी टार्गेटकडे ठेवून, कधी छर्रा भरतो, कधी ड्राय फायरिंगच्या (छर्रा न सोडता नुसता ट्रिगर वाजवायच्या) मोडवर टाकतो. क्रम ठरलेला नको. नेमबाज नेहमीसारखा शॉट मारतो. खरा शॉट असताना हालचाल आवाजात लपते; रिकामा निघाला की नळीने खाली डुबकी मारलेली सगळ्यांना दिसते, मारणाऱ्याला सगळ्यात आधी. मागून, फायरिंग लाइन न ओलांडता उभं राहून, कोणीतरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं तर उत्तम. दहापैकी तीन-चारदा डुबकी दिसली तरी कारण सापडलं असं समजा.

डुबकीचेही प्रकार आहेत. सगळं पिस्तूल सरळ खाली गेलं तर मनगट मोडतंय. खाली आणि डावीकडे गेलं तर बोटाने ट्रिगर ओढताना बाकीची बोटंही आवळली, किंवा ट्रिगर झटक्याने मारला. खाली उजवीकडे गेलं तर ट्रिगर दाबताना सगळी मूठच घट्ट झाली. रेंजच्या भिंतींवर चिकटवलेला तो गोल तक्ता, ज्यात प्रत्येक दिशेला एक चूक लिहिलेली असते, तो याच निरीक्षणांवर बेतलेला आहे. तो सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा. फक्त तक्ता बघून निदान करू नका, कारण डोळ्याची चूकही शॉट खाली डावीकडे नेऊ शकते आणि ग्रिपचीही.

इलाज बोटापासून सुरू होतो. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो आणि तो बहुधा दोन टप्प्यांचा असतो. पिस्तूल नेमाच्या जागेकडे उतरत असतानाच पहिला टप्पा दाबून घ्यायचा. मग उरलेला थोडा भार वाढवत न्यायचा, थांबायचं नाही. "आता दहा दिसतंय, दाब" असं मनाने म्हटलं की झटका आलाच. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर, दाब नळीच्या रेषेत सरळ मागे. बोटाची कड लाकडाला घासत असेल तर ट्रिगर बाजूला ढकलला जातो. ट्रिगरची पट्टी पुढे-मागे करता येते, ती आपल्या बोटाप्रमाणे लावून घ्या. शॉट मारायला सुरुवात करताना मूठ जेवढी घट्ट, शॉट सुटल्यावरही तेवढीच घट्ट. अंगठा आणि करंगळी सैल.

सराव असा: दहा ड्राय, मग एक खरा, परत दहा ड्राय. ड्राय शॉटमध्ये एकच गोष्ट बघायची. क्लिक झालं त्या क्षणी फ्रंट साइटचा माथा खाचेच्या दोन्ही कडांच्या रेषेत राहिला का? राहिला नाही तर तो शॉट मोजायचा नाही. हा सराव कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. मुलांना मी हेच सांगतो आणि त्यांच्या पालकांनाही, कारण "आज एकही छर्रा मारला नाही, मग फी कसली" हा प्रश्न तिकडूनच येतो.

कोरं कार्ड

टार्गेटचं कार्ड उलटं लावा. पांढरं, काळा ठिपका नाही. पांढऱ्याच्या मध्यावर अंदाजाने नेम धरून दहा शॉट मारा. बऱ्याच जणांचा ग्रुप इथे काळ्यावरच्या ग्रुपपेक्षा घट्ट येतो, आणि सुटे खाली जाणारे शॉट गायब होतात.

असं झालं तर डोळा काळ्यावर जात होता. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघू शकतो: रिअर साइट, फ्रंट साइट किंवा टार्गेट. स्पष्ट फ्रंट साइट दिसली पाहिजे, काळं धूसर. काळं स्पष्ट दिसू लागलं की फ्रंट साइट खाचेत खाली सरकते आणि ती सरकल्याचं कळतही नाही. वरचा हिशोब आठवा: अर्धा मिलिमीटर सरकली तरी १५ मिमी. शॉट खाली जाण्याचं हे सगळ्यात गुप्त कारण आहे.

चाळिशीनंतर नेमबाजी सुरू करणाऱ्यांना इथे चष्म्याचा प्रश्न येतो. फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण मीटरभर लांब असते. लांबचं बघण्याच्या नंबरात +०.५ किंवा +०.७५ मिळवून केलेली भिंग बऱ्याच जणांना सोयीची पडते. डोळ्यांच्या डॉक्टरांना फ्रंट साइटचं अंतर मोजून सांगा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा रेंजवर नको. मान थोडी कमीजास्त झुकली की डोळा भिंगाच्या वेगळ्या भागातून बघतो, आणि ग्रुप दिवसागणिक वर-खाली होतो.

प्रकाशही बघा. टार्गेटवरचा दिवा बदलला, किंवा दुपारच्या उन्हातून पावसाळी अंधारात आलो, की काळ्याच्या खालची पांढरी फट कमीजास्त भासते. त्याच फटीवर नेम धरणाऱ्याचा ग्रुप थोडा सरकतो. एवढ्यासाठी साइट हलवू नका. त्या दिवशीच्या प्रकाशात पाच साइटर (गुणांत न धरले जाणारे, चाचणीचे) शॉट मारून ठरवा.

डोळे मिटून उचलणे

रिकामं पिस्तूल, सेफ्टी फ्लॅग काढलेला, नळी टार्गेटकडे. नेहमीसारखी मूठ बसवा, डोळे मिटा, हात उचलून नेमाच्या उंचीवर आणा, मनगट पक्कं करा, डोळे उघडा. फ्रंट साइट खाचेत कुठे आहे? हे पाच-सहा वेळा करा.

फ्रंट साइट प्रत्येक वेळी खाचेच्या तळाशी बुडालेली दिसली तर ग्रिपचा कोन तुमच्या मनगटाला जुळत नाही. तुम्ही प्रत्येक शॉटला मनगट जबरदस्तीने वर उचलता, आणि शॉटच्या क्षणी ते आपल्या जागी परत खाली येतं. कितीही ट्रिगर सुधारा, हे थांबणार नाही. बऱ्याच मॅच पिस्तुलांच्या ग्रिपचा कोन बदलता येतो. तो थोडासा बदलून परत डोळे मिटून बघा. तळहाताखालची फळी मूठ चेपेल इतकी वर चढवू नका. लाकूड कुठे टोचत असेल तिथे घासून, कुठे पोकळ असेल तिथे लाकडाची पुट्टी भरून ग्रिप आपल्या हाताची करून घेता येते. थोडी थोडी पुट्टी लावा. एका बैठकीत सगळी ग्रिप बदलू नका.

आपल्या दमट हवेत तळवे घामेजतात, विशेषतः मे आणि जूनमध्ये. ओली मूठ शॉटागणिक थोडी खाली घसरते आणि तिसऱ्या-चौथ्या शॉटला कोन बदललेला असतो. प्रत्येक शॉटआधी टॉवेलने हात पुसा, मूठ नव्याने बसवा.

हात कुठून येतो आणि किती वेळ थांबतो

पिस्तूल टार्गेटच्या वर नेऊन मग हळूहळू खाली नेमाच्या जागेवर आणायचं, ही नेहमीची पद्धत. चूक अशी होते की हात पुरता थांबण्याआधीच शॉट सुटतो. हात अजून खाली येतोय, म्हणून शॉट खाली. कॉल करताना असे लोक बरेचदा "मध्यात होता" म्हणतात, आणि खरंच डोळ्याला तसं दिसलेलं असतं. बाजूने काढलेला व्हिडिओ बघितला की लगेच कळतं. स्कॅटसारखं नेमाची हालचाल टिपणारं यंत्र उपलब्ध असेल तर नेमाची रेघ वरून खाली येत येत मधेच शॉट झालेली दिसते.

उलट बाजूही आहे. थांबल्यावर फार वेळ घेणं. नेमाच्या जागेवर आल्यावर पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. त्यापुढे डोळा आधीची प्रतिमाच धरून ठेवतो, खांदा थकतो आणि हात खाली ओघळतो. आठ सेकंद झाले की पिस्तूल खाली घ्या. श्वास घ्या. परत उचला. ६० शॉटसाठी ७५ मिनिटं असतात. चार-पाचदा खाली घेतलं तरी वेळ पुरतो. पिस्तूल खाली घेता येणं हे मला कुठल्याही नेमबाजाच्या तयारीचं पहिलं लक्षण वाटतं.

उभी रांग दिसली असेल तर श्वास आणि थकवा आधी तपासा. सुरुवातीचे वीस शॉट ठीक आणि शेवटचे वीस खाली, तर खांद्याची ताकद कमी पडतेय. एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत असू शकतं. लहान मुलांच्या हातात जड पिस्तूल देऊन शॉट खाली जातात म्हणून रागावणं चुकीचं आहे. नवी मुंबईत ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्यांना एक सूचना: डोक्यावरची कडी नेमाच्या हाताने धरू नका, बॅगही त्या खांद्यावर नको. ठाणे ते पनवेल उभ्याने लटकून आल्यावर पहिली वीस मिनिटं त्या खांद्यात थरथर असते आणि तुम्ही ती ट्रिगरच्या नावावर घालता.

शॉटनंतर दोन-तीन सेकंद तसंच राहायचं, साइटकडे बघत. पडदा बघायच्या घाईने हात आधीच उतरू लागला तर छर्रा अजून नळीतच असताना नळी खाली जाते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर शिकलेल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं.

सामान

इथे थोडक्यात. रिअर साइटचं पान बोटाने हलवून बघा, फ्रंट साइटचा स्क्रू, ग्रिपचा स्क्रू, सगळे घट्ट हवेत. फ्रंट साइटची रुंदी किंवा उंची कोणी बदलली आहे का विचारा. उंच फ्रंट साइट लावली तर शॉट खाली जातात. सिलिंडरचा दाब मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान आकड्याच्या वर असावा. छर्र्यांचा डबा बदलला असेल तर जुन्या डब्याचे पाच, नव्याचे पाच मारून तुलना करा. पावसाळ्यात पिस्तूल ओल्या बॅगेत रात्रभर राहू देऊ नका. साइटच्या बारीक स्क्रूंना गंज धरला की क्लिक मोजता येत नाहीत.

२५ मीटरवर .२२ असेल तर

इथे साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिमी आणि टार्गेट २५ मीटरवर. फ्रंट साइट १ मिमी बुडाली तर शॉट सुमारे ११४ मिमी खाली, प्रिसिजनच्या (संथ, अचूक नेमाच्या फेरीच्या) टार्गेटवर दहाऐवजी सहा. म्हणजे वरची सगळी शिस्त इथे कितीतरी जास्त कडक लागते. ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा, आवाज मोठा, झटका खरा. मनगट आधीच मोडण्याचं प्रमाणही साहजिकच वाढतं. गुपचूप रिकामं ठेवण्याची चाचणी इथे डमी राउंड (न उडणारं नकली काडतूस) वापरून करतात. .२२ चं पिस्तूल ड्राय फायरिंगची सोय किंवा डमी राउंड नसताना रिकामं वाजवू नका. काही पिस्तुलांत फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती खराब होते. आणि .२२ हे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचं अग्निशस्त्र आहे. त्याचा तपास रेंजवर, रेंज ऑफिसरसमोरच.

घरी सराव करताना टार्गेटची उंची

एअर पिस्तुलाचा ड्राय सराव घरात करता येतो, पण त्यातून शॉट खाली जाण्याची सवय लागू शकते. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो, १० मीटर लांब. घरच्या हॉलमध्ये तुम्हाला तीन मीटर मिळतात आणि तुम्ही कार्ड तिथेही १.४० वर चिकटवता. डोळ्याची उंची १.६० मीटर धरली तर रेंजवर नजर १० मीटरमध्ये २० सेंटिमीटर उतरते. घरी तेवढीच तीन मीटरमध्ये उतरते. हाताला तिप्पट उताराची सवय लागते आणि रेंजवर तो आपोआप खाली जाऊन थांबतो.

तीन मीटरवर, १.६० उंचीच्या डोळ्यासाठी, मध्य १.५४ मीटरवर हवा. पाच मीटरवर १.५०. काळा ठिपकाही त्याच प्रमाणात लहान: तीन मीटरवर १८ मिमी, पाचवर ३० मिमी. तुमच्या डोळ्याची उंची वेगळी असेल तर ती आणि १.४० यांतला फरक काढा, त्याला घरचं अंतर भागिले १० ने गुणा आणि डोळ्याच्या उंचीतून वजा करा.

छर्र्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. घरच्यांना सांगून ठेवा. खिडकीकडे किंवा दाराकडे नेम धरू नका, पडदा ओढून घ्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या माणसाला फक्त पिस्तूल दिसतं, खेळ दिसत नाही.

आता स्क्रू

कॉल आणि शॉट यांत दरवेळी सारखाच फरक आहे, ग्रुप घट्ट आहे, कोचचाही ग्रुप तेवढाच खाली आला, रिकाम्या पिस्तुलात डुबकी नाही, डोळे मिटून साइट खाचेत बरोबर येतात. हे सगळं जमलं की स्क्रूड्रायव्हर घ्या.

रिअर साइट ज्या दिशेला सरकेल त्या दिशेला शॉट जातात. शॉट वर हवेत म्हणजे रिअर साइट वर. स्क्रूवरचे बाण आणि अक्षरं मात्र प्रत्येक कंपनीची वेगळी. काहींत खूण शॉट कुठे न्यायचा ते सांगते, काहींत शॉट कुठे पडला ते. म्हणून मॅन्युअल वाचा, आणि वाचल्यावरही तपासा: पाच शॉट, मग चार क्लिक, मग पाच शॉट. दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर मोजा, चाराने भागा. तुमच्या पिस्तुलाचा एक क्लिक किती मिलिमीटरचा ते तुम्हाला कळलं. समजा ग्रुप २० मिमी खाली होता, चार क्लिकने तो १० मिमी वर आला, तर अजून चार क्लिक. एका शॉटवरून क्लिक फिरवायचे नाहीत, पाचाच्या ग्रुपवरूनच.

फिरवलेले क्लिक, दिशा, तारीख, छर्र्याचा डबा आणि नेम कुठे धरला ते वहीत लिहा. पिस्तूल क्लबचं असेल तर पेटीच्या झाकणात एक चिठ्ठीही चिकटवा: नेमाची जागा आणि मूळ जागेपासून किती क्लिक. पुढच्या बॅचमधला मुलगा ते बघूनच पिस्तूल उचलेल.